बोर्दो ते सेत: दोन सायकली, हत्यारांची पिशवी एकच

युरोपात सायकल न्यायची म्हटलं की मुंबईतली बरीच जोडपी आधी आल्प्सचे घाट बघायला लागतात. पहिल्या मोठ्या सहलीला आमचं मत वेगळं आहे. दक्षिण फ्रान्समधला कालव्याकाठचा रस्ता घ्या: बोर्दोहून निघून गारोन कालव्यानं तुलूझ आणि तिथून कनाल द्यु मिदीनं भूमध्य समुद्राकाठचं सेत. अंतर साधारण ५०० किलोमीटर. कनाल द्यु मिदीचा सगळ्यात उंच बिंदू नोरूझजवळ आहे, तोही जेमतेम १८९ मीटरवर. रोज ५० किलोमीटर धरले तर मधल्या दोन विश्रांतीच्या दिवसांसह बारा दिवस लागतात. सामान लादलेली सायकल काठावरून ताशी १३ ते १५ किलोमीटरनं जाते, हे धरूनच आखणी करा.

पश्चिमेकडून पूर्वेकडेच जा, कारण इथे चढापेक्षा वारा जास्त दमवतो. कार्कासोनच्या पट्ट्यात ‘सेर्स’ नावाचा वारा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून वाहतो. सेतकडे जाताना तो पाठीवर असतो, उलट निघालात तर दिवसभर तोंडावर. तुलूझ आणि कार्कासोनच्या मधे आग्नेयेकडून येणारा ‘ऑतां’ मात्र समोरूनच भिडतो आणि सुरू झाला की काही दिवस थांबत नाही. विश्रांतीचे दोन्ही दिवस त्याच्यासाठी राखून ठेवा, आधीच खर्चू नका. समोरचा वारा असेल तेव्हा पुढे-मागे चालवा, दर दहा मिनिटांनी पुढचा बदला आणि चाकात हातभर अंतर राहू द्या. दोघांची ताकद सारखी नसेल तर जास्त दमदार माणसानं पुढे जास्त वेळ राहावं आणि तंबू, स्टोव्ह, हत्यारं असं जड सामानही त्याच सायकलवर जावं. एकाच्या कॅरिअरवर १४ किलो आणि दुसऱ्याच्या ८ किलो, अशी विभागणी न्याय्य असते. सारखं वाटून घेतलंत तर तिसऱ्या दिवसापासून एक जण सतत वाट बघत राहतो.

दोन्ही सायकली शक्यतो एकसारख्या असाव्यात. मॉडेल वेगळं चालेल, पण टायरचा आकार, व्हॉल्व्ह, ब्रेकपॅड आणि चेनचे स्पीड एकच हवेत. तेवढं जमलं की तीन ट्यूब, ब्रेकपॅडची एक जोडी आणि तुटलेली चेन जोडायचे दोन क्विक लिंक दोघांना पुरतात. फक्त गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्या तुकड्यावर बसतो तो हँगर प्रत्येक फ्रेमचा निराळा असतो, म्हणून दोन्ही सायकलींचा एकेक जादा हँगर मुंबईतूनच घ्या. ऐन वेळी तिथल्या गावात तो मिळेल याचा भरवसा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच हायब्रिड सायकलींना जाड श्रेडर व्हॉल्व्ह असतो, फ्रान्समधे सर्रास बारीक प्रेस्टा. प्रेस्टाची ट्यूब श्रेडरच्या भोकात रबरी बुश घालून बसते. प्रेस्टाच्या भोकात श्रेडर मात्र बसत नाही.

टायर ७०० बाय ३८ किंवा ४० घ्या. डांबरी रस्त्यावर हवेचा दाब मागे ६० पीएसआय, पुढे ५०. तिथल्या पंपावर आकडे बारमधे असतात. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

चाकांकडे इतकं लक्ष का, ते तुलूझ सोडल्यावर कळतं. तुलूझच्या पुढचे पन्नासेक किलोमीटर छान डांबरी आहेत, त्यानंतर मातीची पायवाट लागते. कनाल द्यु मिदी १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला, आणि काठावर सावलीसाठी लावलेल्या चिनारांची मुळं आज वाटेवर बोटभर वर आली आहेत. बुरशीच्या रोगामुळे २००६पासून हजारो झाडं तोडावी लागली, तरी मुळांचे पट्टे जागोजागी आहेतच. लादलेली सायकल त्यावरून तासन् तास दणके खात गेली की मागच्या चाकाची तार (स्पोक) तुटते, आणि बहुतेक वेळा कॅसेटच्या, म्हणजे मागच्या गिअरचक्रांच्या बाजूचीच. गिअरना जागा करून देण्यासाठी त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. तुटलेली तार बदलायची तर आधी कॅसेट उतरवावी लागते, म्हणून कॅसेट काढायचं छोटं हत्यार, योग्य लांबीच्या तीन तारा आणि स्पोकचा पाना जवळ ठेवा. मागच्या चाकाला ३६ तारा असतील तर उत्तम. निघण्याआधी चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या आणि लादलेल्या सायकलवर दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा काढा. नव्या बांधलेल्या चाकाच्या तारा बसतात ते तेवढ्या अंतरातच. मुळांच्या पट्ट्यात हवा दहा पीएसआयनं कमी करा आणि सीटवरून जरासं उठा. पाऊस पडून गेला असेल तर हा भाग सोडून शेजारचा गावरस्ता धरा, कारण चिकणमाती मडगार्डमधे भरली की चाक फिरायचंच थांबतं.

वसंतात याच झाडांची बारीक लव उडते आणि डोळ्यांत, घशात टोचते. गॉगल सावलीतही काढू नका.

सरावासाठी घाट चढायची गरज नाही, सलग दिवस महत्त्वाचे. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडवा, तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परत. पूर्ण सामानासह ही फेरी दोनदा केलीत की कोणती पिशवी टाचेला लागते, कोणाचा गुडघा दुखतो हे इथेच समजतं. दुपारी समुद्रावरून येणारा वाराही आयताच मिळतो.

सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. दुकानं नव्या सायकलींची खोकी सहसा देतात. पेडल काढताना डावीकडचे आटे उलटे असतात. पाना उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्हीकडचं पेडल सुटतं, एवढं लक्षात ठेवा. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या टोकांत प्लास्टिकचा अडसर बसवा, नाहीतर खोकं आपटल्यावर फोर्क दबतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर पॅडमधे पुठ्ठ्याचा जाड तुकडा सरकवा. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटतात. मागचा डिरेलर हँगरवरून सोडवून कापडात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. विमानात वाकतो तो बहुतेक हाच भाग. टायरमधली हवा अर्धी सोडा. खोक्यासह वजन २३ किलोच्या आत बसवा, पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथेच घ्यावा लागतो. मुंबई ते बोर्दो एकाच तिकिटावर काढा, म्हणजे मधल्या विमानात खोक्याचे वेगळे नियम आणि वेगळे पैसे येत नाहीत.

सगळे मुक्काम फ्रान्समधे, म्हणून शेंगेन व्हिसाही फ्रान्सचाच. फी माणशी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मुदत निघण्याच्या पंधरा दिवस आधीची, पण तिथवर थांबू नका. एप्रिलच्या शेवटी निघायचं तर जानेवारीतच वेळ घ्या. विम्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना, ते वाचून बघा. जुलै-ऑगस्ट टाळा, मे, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर हे दिवस चांगले.

खाण्यात एक नियम मुंबईकरांना हमखास नडतो: युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच. मेतकूट, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी न्या. तिथल्या दुकानात कुसकुस मिळतो. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवला की फुलतो, फोडणी दिली की उपम्याच्या जवळ जातो आणि गॅसही वाचतो. डब्यातले छोले आणि मसूर सगळीकडे असतात. शाकाहारी असाल तर कास्तेलनोदारीचा प्रसिद्ध ‘कासुले’ दिसतो उसळीसारखा, पण त्यात डुकराचं किंवा बदकाचं मांस असतं. गावातली दुकानं दुपारी दोन-तीन तास बंद, रविवारी दुपारनंतर पूर्ण बंद आणि सोमवारी बेकरीही अनेकदा बंद. शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं सामान भरा. पाणी गावच्या दफनभूमीतल्या नळावर मिळतं. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते प्यायचं नाही.

गाडी उजवीकडून चालते हे माहीत असतं, तरी खरी चूक गावात होते. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे.

मार्सेयां गावाच्या पुढे सेतपर्यंत वाळूच्या पट्टीवरून रस्ता जातो, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ‘तो’ नावाचं सरोवर. तिथले फ्लेमिंगो शिवडीच्या लहान रोहितांपेक्षा चांगलेच उंच असतात. वाऱ्याचे झोत जोराचे असतील तर हा भाग पहाटे उरका. सेतला पोचल्यावर चेनमधली वाळू आणि मीठ धुवून तेल द्या, मग रेल्वेनं माँपेल्ये शहर गाठा. परतीचं खोकं तिथल्या सायकलच्या दुकानात तीन दिवस आधी फोन करून सांगून ठेवा. सायकल भरण्याआधी हँगर, डिरेलर आणि फ्रेमचे फोटो काढा. मुंबईत उतरल्यावर खोकं लगेच उघडून बघा, कारण नुकसानीची लेखी तक्रार सामान ताब्यात आल्यापासून सात दिवसांत विमान कंपनीकडे द्यावी लागते.