क्युरिंगला रविवार नसतो

दादरच्या क्लासात प्रायमाव्हेरा, म्हणजे बांधकामाचं वेळापत्रक मांडायचं सॉफ्टवेअर, शिकतोय. साइटवरून थेट, बुटांवर सिमेंट तसंच. बटणं काय, कुठेही शिकता येतात. खरी गंमत कॅलेंडरमध्ये आहे. गवंडी, सुतार, फिटर यांचं कॅलेंडर सहा दिवसांचं, रविवारी सुट्टी. तेच क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देण्याला, लावलं, तर सॉफ्टवेअर रविवार वगळून मोजतं आणि पुढचं काम उगाच सरकतं. काँक्रीट रविवारीही कडक होतंच की! म्हणून क्युरिंगला सातही दिवसांचं वेगळं कॅलेंडर. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस सांगतं, फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) मिसळलेल्याला १०.

मग एफ-नाइन दाबायचं, तारखा नव्याने मांडल्या जातात. स्क्रीनवरच्या लाल पट्ट्या म्हणजे क्रिटिकल पाथ, एकमेकांवर अडलेल्या कामांची साखळी; त्यातलं एक काम लांबलं की इमारतीचा ताबा लांबला. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँडच्या लोकांनी काढली. बाकीच्या कामांना फ्लोट, म्हणजे थोडी ढील. आमच्या मुकादमांना ती लॅपटॉपशिवाय दिसते: "साहेब, वरचं प्लास्टर थांबूद्या, लिफ्टचा खड्डा पावसाआधी उरका."

पावसाळ्याचं कॅलेंडरही वेगळं करता येतं. तो भाग क्लासातले सर शनिवारी घेणार आहेत.