लाल घाम

घोड्यांच्या तपासणीच्या तक्त्यावरची ती ओळ माझ्याच अक्षरात आहे : 'सोकुव, नाडी ४४, हिरड्या गुलाबी, किंचित अस्वस्थ, गर्दीमुळे.' यातला 'गर्दीमुळे' माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. मीच शहाणपणा करून घातला.

ऑगस्टमधला शनिवार होता. उत्तर पोलंडमध्ये विस्तुला नदीच्या डाव्या काठावर ग्न्येव नावाचं छोटं गाव आहे. पोलिश भाषेत ग्न्येव म्हणजे राग. एवढ्या शांत गावाला हे नाव का, असं तिथे गेल्यावर प्रत्येकाच्या मनात येतं. नदीवरच्या उंचवट्यावर ट्युटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांनी, बांधलेला चौकोनी किल्ला आहे, सगळा लाल विटांचा. माझ्या डोळ्यांना पन्हाळ्याच्या काळ्या दगडाची सवय. त्यामुळे हा किल्ला पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमच्याकडच्या साखर कारखान्याचं गोदाम आठवलं. पण या मुलखात सगळे मोठे किल्ले असेच आहेत. तासाभरावरचा प्रचंड माल्बोर्कसुद्धा विटांचाच. तो तर पोलंडच्या राजाने १४५७ मध्ये चक्क विकत घेतला. किल्ल्यातल्या भाडोत्री शिपायांचे पगार थकले होते, म्हणून त्यांनी किल्लाच विकून टाकला! आमच्या डॉक्टरबाई ही गोष्ट प्रत्येक नव्या घोडामालकाला सांगतात, बहुधा बिल वेळेवर यावं म्हणून.

मी मूळची कोल्हापूरची. परळला पशुवैद्यकीची पदवी घेतली, पुण्याच्या रेसकोर्सवर दोन मोसम काम केलं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे ग्दान्स्कला आले. इथे माझ्या पदवीला मान्यता मिळायची आहे, तोवर मी घोड्यांच्या एका डॉक्टरबाईंची सहायक आहे. त्या दिवशी किल्ल्याखालच्या मैदानावर १६२६ च्या पोलंड-स्वीडन लढाईचा खेळ होता. तेवीस घोडे होते. ते नीट येतील आणि नीट परत जातील हे बघणं आमचं काम.

सोकुव म्हणजे बहिरी ससाणा. अकरा वर्षांचा, पांढऱ्याकडे झुकलेला राखाडी, मावोपोल्स्का जातीचा. या जातीत अरबी रक्त बरंच आहे. ते डोळ्यांत दिसतं आणि कातडीच्या पातळपणातही. त्याचा मालक, तोच स्वारही, आठवडाभर वीजजोडणीची कामं करतो आणि सुट्टीच्या दिवशी हुसार होतो. हुसार म्हणजे पोलंडचे ते प्रसिद्ध पंखवाले घोडेस्वार. त्याने सोकुवचं पोट आणि चारही पाय लाल रंगवले होते. पर्यटकांना हा थिल्लरपणा वाटतो, पण त्याला आधार आहे. तिसऱ्या झिगमुन्त राजाच्या लग्नाची वरात १६०५ मध्ये क्राकुवमध्ये शिरली, तिचं पंधरा मीटर लांब चित्र वॉर्सॉच्या राजवाड्यात आहे. स्वीडिश सैन्याने ते लुटून नेलं होतं, १९७४ मध्ये स्वीडनने परत दिलं. त्या चित्रात रंगवलेले घोडे आहेत. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे वरातीच्या घोड्याला मेंदी लावतातच की. फक्त या गड्याने मेंदीऐवजी बिटाचा रस आणि खाण्याचा रंग कालवून लावला होता.

सकाळी तपासताना सोकुव पुढच्या पायाने जमीन उकरत होता. मध्येच वरचा ओठ वर दुमडायचा. एकदा मान वळवून त्याने कुशीकडे पाहिलं. हे सगळं मी पाहिलं, आणि हेच मला टोचतं. पुण्यात शर्यतीआधी पॅडॉकमध्ये निम्मे घोडे असेच वागतात. ढोल वाजत होते, तोफेची चाचणी चालली होती, शेजारी एक माणूस पाठीला पंख अडकवून घेत होता. मी मनाशी म्हटलं, बिचारा बिथरलाय. नाडी ४४ म्हणजे सामान्य मर्यादेच्या अगदी कडेला. घोड्याची नाडी विश्रांतीत २८ ते ४४. मी लिहिलं आणि पुढच्या घोड्याकडे वळले. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष पंखांकडे होतं.

पंख असतातच तसे. लाकडाची वाकवलेली पट्टी, तिच्यात ओळीने रोवलेली पिसं, पितळी कड. आधी ते खोगिराला लावत, पुढे पाठीच्या चिलखतालाही लागले. वाऱ्यात त्यांच्या फडफडीने शत्रूची घोडी बुजत, असं पर्यटकांना सांगतात. ते लढाईत खरंच लावत की फक्त मिरवणुकीत, यावर इतिहासकारांचं अजून भांडण आहे. सोकुवचा मालक या प्रश्नाला विटलाय. "लोक दोनच गोष्टी विचारतात," तो म्हणाला, "पंख आणि रणगाडे. भाल्याबद्दल कुणी विचारत नाही." मग त्याने मला भाला दाखवला. पाच मीटरचा, आतून पोकळ, म्हणून लांबीच्या मानाने हलका. मागचं टोक खोगिराला बांधलेल्या चामडी नळीत बसतं, त्यामुळे धडकेचा जोर नुसत्या मनगटावर येत नाही, घोड्यावर जातो. पहिल्याच धडकेत तो बहुतेक मोडायचा. मग मागे जाऊन दुसरा घ्यायचा.

दुसऱ्या महायुद्धात पोलिश घोडदळ रणगाड्यांवर चालून गेलं अशी जी गोष्ट सांगतात, तिचंही त्याने एका दमात सांगून टाकलं. १ सप्टेंबर १९३९ ला क्रोयान्तीजवळ १८ व्या उलान रेजिमेंटने, म्हणजे हलक्या घोडदळाने, हल्ला केला तो जर्मन पायदळावर, आणि ते पायदळ पांगलंही. मग चिलखती गाड्या आल्या, मशिनगन सुरू झाल्या, कर्नल मास्तालेश तिथेच पडले. पत्रकारांना ती जागा नंतर दाखवली गेली. तोवर तिथे रणगाडेही येऊन उभे होते. झाली गोष्ट तयार. त्याच दिवशी मोक्राला पोलिश घोडदळाने जर्मन रणगाड्यांची एक अख्खी डिव्हिजन दिवसभर अडवून धरली. घोड्यावरून उतरून, रणगाडाविरोधी तोफा आणि रायफली घेऊन. "ते कुणाला माहीत नसतं, कारण त्यात वेडेपणा नाही," तो म्हणाला.

दुपारी दोनच्या सुमाराला मी अंगणातून पाण्याची बादली घेऊन चालले होते. फरसबंदीवर लाल थेंब दिसले. तबेल्याच्या दारापासून खांबापर्यंत, एकामागोमाग एक. पोटात धस्स झालं. कुठेतरी तलवार लागली असणार, असं वाटून मी थेंबांच्या मागे धावले. ओळीच्या शेवटी सोकुव उभा. खोगीर चढवलेलं, तंग आवळलेला, मालक वर बसायच्या तयारीत. मी पोटाखाली हात फिरवला. जखम कुठेच नाही. हात ओला आणि लाल. घाम होता तो. रंग घेऊन ठिबकत होता.

हवा थंड होती, नदीकडून वारा येत होता, आणि घोडा अजून एक पाऊलही दौडला नव्हता. मग घाम कशाचा? स्टेथोस्कोप लावला. नाडी ५६. कुशीवर कान दिला तर आत शांत. घोड्याच्या पोटात सतत पाणी खळाळल्यासारखा आवाज असतो, तो असला की आपण निश्चिंत. रेसकोर्सवरचे म्हातारे सईस त्याच्या बंद होण्याला कुरकुरी म्हणायचे आणि ते नाव घेताना आवाज खाली आणायचे. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही. अडलेलं पुढेच जायला हवं, नाहीतर आतडं फुगतं, पीळ पडतो आणि रात्रीत खेळ संपतो.

"उतरवा सगळं," मी ओरडले. मराठीत. मग पोलिशमध्ये.

बाई दहा मिनिटांत आल्या. तबेल्यात न्यावं म्हटलं तर मालकाचे पंख चौकटीला अडले. ते पाठीच्या चिलखताला असे बसवलेले असतात की काढायला दोन माणसं लागतात, आणि सोकुव दुसऱ्या कुणाच्या हाती शांत उभा राहीना. शेवटी तो खेकड्यासारखा आडवा होऊन आत शिरला. बाईंनी वेदनाशामक आणि थोडं गुंगीचं इंजेक्शन दिलं, नाकातून जठरात नळी घातली. उलट काही आलं नाही, हे चांगलं लक्षण. मग खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून आत हात घातला. डोळे मिटून त्या बराच वेळ चाचपत राहिल्या. "डावीकडे, वळणावर," त्या म्हणाल्या. मोठं आतडं ओटीपोटाजवळ जिथे वळतं आणि अरुंद होतं, तिथे कोरडा गोळा अडकला होता. कणीक मळून ठेवल्यासारखा, त्यांनी मूठ करून दाखवलं. नळीतून आठ लिटर पाणी आणि एप्सम सॉल्ट गेलं. चारा बंद. दहा मिनिटं चालवायचं, वीस मिनिटं उभं करायचं. नाडी ६० च्या वर गेली किंवा दुखणं परतलं तर शस्त्रक्रियेसाठी हलवायचं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इले पिव?"

किती प्यायला? पोलिशमध्ये पिणे म्हणजे 'पिच'. हा एक शब्द मला कधी पाठ करावा लागला नाही. आणि उत्तर मला माहीत नव्हतं. सोकुव आदल्या संध्याकाळी आला होता. त्याची बादली भरलेली होती. सकाळी मला ती भरलेली दिसली आणि कुणीतरी काळजीने भरून ठेवलीय म्हणून बरं वाटलं. तिला त्याने तोंडच लावलं नव्हतं. परक्या जागेचं पाणी कित्येक घोडे वास घेऊन सोडून देतात. वर कोरडं गवत रात्रभर समोर.

तीन वाजता मैदानावर लढाई सुरू झाली. आम्ही किल्ल्याच्या भिंतीमागे होतो. आम्हाला दिसत काही नव्हतं, भोंग्यावरून निवेदकाचं ऐकू येत होतं. ग्न्येव आधीच स्वीडनच्या ताब्यात गेलंय, राजा झिगमुन्त ते परत घ्यायला आलाय, स्वीडनचा राजा गुस्ताव आदॉल्फ मदतीला धावलाय. एकवीस वर्षांपूर्वी रीगाजवळच्या किर्खोल्मला साडेतीन हजारांच्या आसपास पोलिश-लिथुआनियन फौजेने जवळजवळ तिप्पट स्वीडिश सैन्य उधळलं होतं, ते याच हुसारांच्या जोरावर. गुस्ताव आदॉल्फ त्या मारातून शिकला होता. त्याने बंदुका आणि तोफा आडोशाला लावल्या आणि मोकळ्या रानात सापडायचं टाळलं. ग्न्येवला हुसारांचे हल्ले गोळीबारापुढे फुटले. धूर भिंतीवरून आमच्याकडे यायचा. टाळ्या पडायच्या. आपल्याच हरलेल्या लढाईला माणसं तिकीट काढून येतात आणि वर टाळ्या वाजवतात, हे मला या देशाचं फार आवडतं.

आणि भिंतीच्या अलीकडे छातीवर चिलखत, खांद्यावर बिबट्याच्या छापाचं कापड आणि पाठीला पंख अशा थाटात एक माणूस लाल पायांच्या घोड्याला हळूहळू गोल फिरवत होता. पंख काढू या म्हटलं तर म्हणाला, राहू दे, आता थांबलो तर रडेन. प्रत्येक पावलाला पट्टी करकरत होती. सोकुव त्या आवाजाला अजिबात दचकत नव्हता. तो त्या आवाजात वाढलेला घोडा. सकाळी मी त्याला पंखांमुळे बिथरला म्हटलं होतं.

चालता चालता मालक बोलत राहिला. घोडा त्याच्या स्वतःच्या पैशाचा, कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. "जुन्या काळीही असंच," तो म्हणाला. हुसार तुकडीतला 'तोवाझिश', म्हणजे साथी स्वार, घोडे, चिलखत, सोबतचे नोकर-स्वार, सगळं पदरचं घेऊन यायचा. राजाकडून मिळायचा तो भाला. मी म्हटलं, आमच्याकडे याला शिलेदार म्हणत, आणि सरकारी पागेचा घोडा मिळायचा तो बारगीर. त्याने दोन्ही शब्द म्हणून पाहिले. 'शिलेदार' त्याला छान जमला. कुठली तू, असं विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर थांबलाच. १९४३ ते ४८ या काळात जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासित वळिवड्याच्या छावणीत राहिले होते, वॉर्सॉत त्यांचं स्मारक आहे. ते त्याने पाहिलं होतं. "मग तू घरचीच," म्हणाला, आणि पुन्हा चालू लागला.

सात वाजता दुसऱ्यांदा नळी. नाडी ४८. मैदान रिकामं झालं. दोघा मित्रांनी येऊन एकदाचे त्याचे पंख काढले. किल्ल्याशेजारी यान सोबिएस्कीने बायकोसाठी बांधलेला वाडा आहे, तिथल्या हॉटेलातून जेवणाचे आवाज यायला लागले. हा तोच सोबिएस्की, जो पुढे पोलंडचा राजा झाला आणि ज्याने १६८३ मध्ये व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा मोडला. त्याआधी तो इथला कारभारी होता. आत त्याच्या नावाने ग्लास भिडत होते आणि आम्ही तिघं एका घोड्याच्या शेपटीकडे टक लावून बसलो होतो.

पावणेअकराला सोकुवने शेपटी उचलली.

तीन गोळे. लहान, कडक, चकचकीत. मग जरा थांबून आणखी, ओलसर. बाईंनी एक गोळा उचलून टॉर्चखाली फोडून पाहिला आणि मान हलवली. मालकाने मला इतक्या जोरात मिठी मारली की चिलखताची कड कॉलरबोनला लागली, आठवडाभर वळ होता. बाहेर पेयपान चाललेल्या स्वीडिश पोशाखातल्या मंडळींना बातमी कळली तेव्हा त्यांनी लिदीसाठी 'विवाट', म्हणजे जयजयकार, केला.

रात्री आम्ही बादलीत थोडा सफरचंदाचा रस घातला. त्याने वास घेतला, फुरफुरला, पुन्हा वास घेतला. मग तोंड बुडवलं. घशाखाली जाणारे घोट मी मोजले, सव्वीसपर्यंत. मग मोजणं राहिलं.

तक्ता मी बदलला नाही. माझ्या ओळीतल्या 'गर्दीमुळे' या शब्दाखाली बाईंनी पेन्सिलने रेघ मारलीय आणि शेजारी दोनच शब्द लिहिलेत : 'इले पिव?' त्याखाली रविवारची नोंद, सकाळी सहा : नाडी ३६, दीड बादली.