देवबागची नवरी आणि पावडरीच्या चार डब्या

पहाटे पाचला तारकर्लीच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून फोन घेतला. नवरीची आई होती.

"बाय, तू खय पोचलंस? चेडवाच्या तोंडातसून रगात येता हा! टावेल बघ कसो लाल झालो!"

माझ्या पोटात गोळाच आला. कारण ही नवरी साधी नव्हती, आणि तिच्या तोंडाला काय लावायचं हे ठरवणारी मीच होते.

मे महिन्यातलं देवबागचं लग्न म्हणजे मेकअपवालीची परीक्षाच. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. वाळत घातलेलं धुणं दुपारपर्यंत दमटच राहतं. तिथे लिक्विड फाउंडेशन, त्यावर कॉम्पॅक्ट, त्यावर स्प्रे असं चढवत गेलं की अंतरपाट दूर होईपर्यंत नाकाच्या दोन्ही बाजूंना चरे पडतात आणि वरच्या ओठावर घामाचे मणी उभे राहतात. मालवणात पार्लर चालवायला लागून अठरा वर्षं झाली, हे मी किती वेळा बघितलंय त्याची मोजदाद नाही. आपण ते टिश्यूने टिपतो आणि फोटोग्राफरला म्हणतो, जरा लांबून घे.

ही मुलगी आरोग्य केंद्रात नर्स. दोन्ही गालांवर कायमची लाली, हनुवटीवर मुरमं. तीन आठवड्यांपूर्वी ट्रायलला आली होती. मी माझं नेहमीचं लिक्विड फाउंडेशन लावलं. अर्ध्या तासात जबड्यापासून कानापर्यंत गांधी उठल्या. ती शांतपणे म्हणाली, "ताई, पुसून टाका, मी गोळी घेते." नर्सच ती. मला मात्र रात्रभर झोप नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की सुगंधाची नाहीतर प्रिझर्वेटिव्हची ॲलर्जी असावी, नीट तपासणी लग्नानंतर करू, तोवर नवीन काही लावू नका. मुलगी म्हणाली, मग काहीच नको. आई म्हणाली, "आणि फोटो काय तशेच काढूचे?"

तेव्हा मी माझ्या डब्या काढल्या.

मिनरल फाउंडेशनवर माझा आधी अजिबात विश्वास नव्हता. कोरडी भुकटी, ती काय झाकणार? मुंबईहून भाचीने गणपतीत एक डबी आणली होती, ती लावली आणि तासाभरात घाम आला तिथे तिथे खाजायला लागलं. डबी उलटी करून वाचलं तर यादीत पहिल्याच नंबरला बिस्मथ ऑक्सिक्लोराइड. चेहऱ्याला मोत्यासारखी चमक येते ती त्याने, आणि काही जणांना घामात खाज सुटते तीही त्यानेच. मग ते नसलेल्या चार छटा मागवल्या. आत मोजून चारच वस्तू होत्या: अभ्रक, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड. पाणी नाही, म्हणून प्रिझर्वेटिव्हची गरज नाही. सुगंधही नव्हता.

वाचताना गंमत वाटली, कारण यातलं काहीच आपल्याला परकं नाही. घामोळ्यांना कॅलामाइन लावतो त्यात मुख्य हेच झिंक ऑक्साइड, आणि त्याचा गुलाबी रंग आयर्न ऑक्साइडचा. आपला जांभा तांबडा दिसतो तोही लोखंडाच्या ऑक्साइडमुळेच. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळसर रेती दिसते, तिच्यात इल्मेनाइट असतं, आणि टायटॅनियमची पांढरी पूड अशाच खनिजापासून करतात. म्हणून कुणी उठून अंगणातली माती तोंडाला फासू नये. सौंदर्यप्रसाधनांतले हे रंग कारखान्यात शुद्ध स्वरूपात तयार केलेले असतात. मातीतल्या रंगासोबत शिसं, आर्सेनिकही येऊ शकतं. 'मिनरल' म्हणजे झाडपाल्यासारखं 'नैसर्गिक' अशी एक समजूत आहे, ती सोडलेली बरी.

आधी मी स्वतःवर महिनाभर चुका केल्या. ओलसर क्रीमवर लावली तर ठिपके पडले. जास्त घेतली तर डोळ्यांखालची प्रत्येक सुरकुती मोजता येईल इतकी उठली. शेवटी समजलं की चिमूटभर घ्यायची आणि चोळायची, थापायची नाही. या मुलीला आधी कोपराच्या आत, मग जबड्याच्या कडेला लावून बघायला दिली. डॉक्टरांनाही डबी दाखवली, ते म्हणाले, आधी थोडीच लावून बघा. आठ दिवस ती लावून कामावर गेली, काही झालं नाही. मग एक सकाळ बसून तिच्या रंगाचं मिश्रण केलं आणि वहीत लिहून ठेवलं. प्रत्येक नवरीचं पान असतं माझ्या वहीत.

आणि आता रक्त.

पोचले तर माजघरात सगळी बायकामंडळी, लाइट गेलेली, कोपऱ्यात कंदील. मुलगी न्हाणीतून आलेली, गाल लाल. टॉवेलवर खरोखर तांबडे पट्टे. मी तिला दारात नेऊन उजेडात बघितलं. गांधी नाहीत, सूज नाही. खाज येते का विचारलं तर नाही म्हणाली.

"तोंड कशानं धुतलंस?"

"साबणाने. काल हळद लागलेली ना, निघेचना. मग दोन-तीनदा घासलं."

मी त्यांच्या आजीकडे बघितलं. म्हटलं, कुंकू कसं करतात? म्हातारीच्या लक्षात लगेच आलं. हळदीत चुना किंवा पापडखार घातला की ती लाल होते. साबणही चुन्यासारखाच अल्कधर्मी, हळद त्याला लागली की तांबडी होणार. तरी आईचा विश्वास बसेना. म्हणून लिंबू मागवलं आणि टॉवेलच्या डागावर पिळलं. बघता बघता लाल पट्टा पिवळा झाला. "ह्या रगात न्हय, ही हळद!" म्हणून आजी एवढी हसली की तिच्या तोंडातलं पान बाहेर आलं.

पण माझ्यासमोर आता वेगळीच अडचण होती. वहीतलं मिश्रण हळद लागण्याआधीच्या चेहऱ्याचं होतं. समोर बसलेली मुलगी कपाळावर आणि मानेवर पिवळीधमक, गालांवर घासून घासून लाल, आणि मुहूर्त अकराचा.

हळद पाण्याला दाद देत नाही, तेलाला देते. घरचं खोबरेल कापसावर घेऊन हळूहळू पुसलं, कापूस पिवळा होत गेला. मग तिचाच साधा फेसवॉश, एकदाच. तिचंच रोजचं मॉइश्चरायझर, तिचंच सनस्क्रीन. (डबीवर एसपीएफ १५ असा उन्हापासून बचावाचा आकडा लिहिलेला असतो, त्यावर जाऊ नये. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात. तेवढी पावडर लावली तर नवरी गिरणीतून आल्यासारखी दिसेल.) मग पंधरा-वीस मिनिटं काहीच केलं नाही. चुडा किणकिणवत तिने चहा घेतला. आई दर दोन मिनिटांनी डोकावून जात होती: "अजून लावूक नाय?" टिश्यू चेहऱ्यावर दाबला, तो कोरडा निघाला, तेव्हा कुठे डब्या उघडल्या.

बाटलीतली छटा ठरलेली असते, फार तर दोन बाटल्या मिसळता येतात. इथे मी पडवीत, पूर्वेच्या उजेडात, झाकणात आधी नेहमीचं मिश्रण घेतलं आणि तिच्या जबड्यावर ओढून बघितलं. राखाडी दिसलं. पिवळी छटा कमी केली, गुलाबीसर डबीतली चिमूट टाकली. आता कपाळावर जमलं, पण गालावर लाली वर येत होती. मग गालापुरतं पिवळं पुन्हा थोडं वाढवलं, कारण लाली पिवळ्याने दबते. एका झाकणात कपाळाचं, दुसऱ्यात गालांचं. काबुकी ब्रश, म्हणजे आखूड दांड्याचा दाट केसांचा ब्रश, झाकणात फिरवायचा, कडेला टकटक आपटायचा, जास्तीची पावडर पडू द्यायची, आणि गोल गोल चोळायचं. तिला म्हटलं, श्वास धरून ठेव, ही पूड फुप्फुसात नको जायला.

हे चाललेलं असताना तिचे आजोबा येऊन शेजारी टेकले. तरुणपणी दशावतारात स्त्रीपार्टी करायचे. नट आपली रंगरंगोटी आपणच करतो ही तिथली रीत. त्यांनी न विचारता चिमूट उचलली, अंगठा आणि तर्जनीत चोळली, उजेडात धरून बघितली.

"ह्यात सफेदो आसा."

"व्हय आजोबांनू, जस्ताची पूड. तुमचीच."

"आमच्या टायमाक खोबरेलाचो हात आणि वर सफेदो. पण तो चोळूचो लागता. थापलास काय नारद येयसर भेगा पडतत." मग नातीकडे बघून म्हणाले, "नाकाच्या बाजूक कमी लाव, थय घाम जास्त."

अठरा वर्षांत मला कुणी एवढं नेमकं सांगितलं नव्हतं. मी तिथली पावडर ब्रशने झटकली.

तीन पातळ हात झाले. मुरमांवर लहान ब्रशने तीच पावडर दाबून लावली. तिचा तीळ दिसत होता, कातडीचा पोत दिसत होता, फक्त लाली गेली होती. आईने आरसा घेतला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "लावलास ना?"

फोटोग्राफर आला, पहिला फोटो फ्लॅश मारून काढला, आणि मी गार. चेहरा पांढराफटक, मान वेगळी! टायटॅनियम आणि झिंक दोन्ही उजेड उलटा फेकतात, हे माहीत असूनही पावडर जबड्यावरच थांबवली होती. मान, कान, गळा सगळीकडे ब्रश फिरवला, कपाळावरचा एक हात उतरवला. तरी समोरून फ्लॅश चालणार नव्हताच. फोटोग्राफर जरा कुरकुरला, मग खळ्यातल्या मांडवात कनातीचा पांढरा कपडा उजेडासाठी वापरला. माझ्या मते सगळ्यात चांगले फोटो तिथलेच आले. ही पावडर सगळ्यांना लावा असं मी म्हणत नाही. रात्रीचं रिसेप्शन, हॉलमध्ये चारी बाजूंनी फ्लॅश, तिथे मी अजूनही दुसरंच काहीतरी काढते. खूप कोरड्या कातडीवरही ती नको, पापुद्रे उठून दिसतात.

मंगलाष्टकं लांबली. होमाचा धूर, वर पत्रे, पंखा एकच आणि तो भटजींकडे. मी मांडवाच्या खांबाला टेकून तिच्या वरच्या ओठावर नजर ठेवून होते. घाम आला. करवलीच्या हातात टिश्यू दिले होते आणि बजावलं होतं की फक्त दाब, पुसू नको. तिने दाबलं, आणि खाली पावडर जागच्या जागी. पाठवणीला ती रडली तेव्हा डाव्या गालावर एक रेघ उतरली, ब्रशचे दोन फेरे मारले, गेली. लिक्विडवर अशी रेघ बुजवता बुजवता मी एकदा एका नवरीचा अर्धा गाल नव्याने केलाय.

आठ दिवसांनी ती पार्लरमध्ये आली, सासरच्या मंडळींना मालवण दाखवायला निघालेली. गाल होते तसेच लाल, त्याहून जास्त नाही. म्हणाली, रात्री नुसत्या फेसवॉशने निघालं, उशीला डागसुद्धा नाही. आणि मग म्हणाली, "ताई, आता पूजेला तेच करून द्या ना, त्या दिवशीचं."

मी वही काढली. तिच्या पानावर हळदीच्या आधीचं मिश्रण होतं. त्या पहाटेचं, दोन झाकणांतलं, कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"बस," म्हटलं, "पयली उजेडात ये."