टॅगला घार दिसत नाही

सोलापूरला मी एरवी जाते ती आत्याच्या हातच्या कडक भाकरीसाठी. या वेळी आतेभावाचा फोन होता, "कॅमेरा घेऊन ये, ग्लायडर शूट करायचंय." म्हणून मोठी लेन्स, बॅटऱ्या, ट्रायपॉड असा सगळा संसार पाठीवर टाकून पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा पकडली. शेजारच्या काकांनी कुर्डुवाडीपर्यंत मुलाच्या लग्नाची कहाणी ऐकवली, ती सोडून देते. घरी पोचल्यावर कळलं की कॅमेरा हवा होता, कॅमेरावाली नाही. दादाने कॅमेरा आपोआप ग्लायडरमागे फिरवणारा ट्रॅकर आणला होता.

राग आला, पण त्याचंही चूक नव्हतं. रिमोटवरचं ग्लायडर उडवणारा माणूस एकटा असतो. दोन्ही हात रिमोटवर, डोळे आभाळात. वहिनीला शूटिंगला नेलं की पाच मिनिटांत तिची मान अवघडते आणि पुढचा सगळा व्हिडिओ बाभळीचा. दादाला स्वतःची वळणं बघायची होती, उतरताना फ्लॅप, म्हणजे वेग कमी करणाऱ्या पंखांच्या मागच्या पट्ट्या, कधी टाकतो ते बघायचं होतं. एवढ्या वर्षांत त्याने स्वतःचं एकही लँडिंग धड बघितलेलं नाही.

सकाळी तुळजापूर रस्त्याने निघालो. हिप्परग्याचा तलाव मागे पडला, तामलवाडीच्या अलीकडे आत वळलो. विमानतळ होटगी रस्त्याला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जून २०२५ मध्ये तिथून गोव्याची विमानं सुरू झाली तेव्हापासून दादा या बाबतीत जास्तच काटेकोर झालाय. नान्नजचा माळ खरं तर याहून देखणा, पण ते माळढोकचं अभयारण्य. तिथे असले उद्योग करायचे नाहीत एवढी अक्कल आम्हाला आहे.

शेत दादाच्या मित्राचं. अर्ध्यात ज्वारी उभी, अर्ध्यात काढून कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या आणि मधे नांगरून टाकलेली काळी जमीन. ही काळी जमीन उन्हाने आधी तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. तो थर्मल. बिनइंजिनाचं ग्लायडर त्याच्यात गोल गोल फिरत वर चढतं. थर्मल साडेदहाच्या सुमारास जागा होतो, आणि नेमका तेव्हाच मित्राने हुरडा भाजायला घेतला. "आधी खावा, मग उडवा." हंगाम सरत आला होता, कणसं जरा निबर झाली होती, पण शेंगाचटणी आणि दह्याबरोबर ती गेली बरोबर. नाही म्हणायची सोय नव्हती. सोलापुरी पाहुणचाराबद्दल माझी एकच तक्रार आहे, त्यात घड्याळ नसतं. आम्ही हात धुतले तोवर चांगला तासभर थर्मल वाया गेला होता आणि दादा मनातल्या मनात चरफडत तिसऱ्यांदा ताक घेत होता.

मग ट्रॅकरची पूजा. ट्रायपॉडवर एक फिरता ठोकळा, त्यावर माझा कॅमेरा. ग्लायडरमध्ये काडेपेटीहून जरा मोठा टॅग. टॅग जीपीएसवरून आपली जागा शोधतो आणि रेडिओने ठोकळ्याला कळवतो. ठोकळ्याला स्वतःची जागा माहीत असते, मग तो दिशा आणि उंचीचा कोन काढून कॅमेरा तिकडे वळवतो. पण आपलं तोंड कुठे आहे हे त्याला आधी शिकवावं लागतं, हेच कॅलिब्रेशन. त्यासाठी दादा टॅग हातात धरून बांधापर्यंत चालत गेला आणि वरात अडल्यासारखा तिथे उभा राहिला. एकदा हे झालं की ट्रायपॉड हलता कामा नये. एका अंशाने हलला तरी पुढचं सगळं एका अंशाने चुकतं. शेजारी शेळ्या चरत होत्या. मला नेमून दिलेलं काम एवढंच, शेळ्या ट्रायपॉडपासून लांब ठेवणं.

ग्लायडर तीन मीटर पंखांचं, अंग फायबरग्लासचं. कार्बनच्या अंगातून रेडिओचे सिग्नल नीट बाहेर पडत नाहीत, म्हणून टॅगसाठी दादाने मुद्दाम हे जुनं काढलं होतं. टॅग नाकात बसवला आणि तेवढंच शिसं नाकातून काढलं, नाहीतर तोल गेला असता. बंजी, म्हणजे ग्लायडर वर फेकणारी रबरी दोरी, ताणली, सोडली. ग्लायडर पतंगासारखं सरळ वर गेलं, दोरी सुटली आणि नुसता वाऱ्याचा बारीक आवाज उरला.

कॅमेरा वळला. खरंच वळला, कुणी हात न लावता. स्क्रीनवर ग्लायडर मधोमध, पंखाखालचे काळे पट्टे स्वच्छ. फोकस मी आधीच अनंतावर लॉक केला होता, कारण कोऱ्या आभाळात ऑटोफोकस नुसता चाचपडत बसतो. पाच मिनिटं मी हरखून बघत होते, खोटं कशाला बोलू.

मग वर बघितलं. थर्मलमध्ये एक घार शिरली होती. ती आणि ग्लायडर एकाच घिरटीत, समोरासमोर, जणू एकाच रहाटाच्या दोन टोकांना. घार पंख न हलवता आत सरकायची, दादा रिमोटवर अंगठा जेमतेम हलवून तिच्यामागे वर्तुळ आवळायचा. मान वळवून ती या पांढऱ्या पाहुण्याकडे बघतानाही दिसत होती. स्क्रीनवर यातलं काहीही नाही. मधोमध ग्लायडर, भोवती निळं. अधूनमधून कडेला एक तपकिरी पंख चमकून जायचा, तीच घार. ठोकळ्याला टॅगशी मतलब. घारीच्या नाकात टॅग नाही.

मी झूम कमी करायला हात पुढे केला.

"हात लावू नको बे!"

"दादा, घार आहे!"

"असू दे की. कॅलिब्रेशन जाईल!"

झूम रिंग हळू फिरवली तर काही बिघडत नाही, हे मी त्याला पटवत होते आणि तो आभाळावरून नजर न काढता नको नको करत होता. तेवढ्यात घार कंटाळून तलावाकडे निघून गेली. मला अजून त्याचा राग येतो.

लँडिंगचं तर हसूच झालं. जीपीएस तीनेक मीटर इकडेतिकडे चुकतो, उंचीत त्याहून जास्त. ग्लायडर ३०० मीटरवर असताना ही तीन मीटरची चूक म्हणजे जेमतेम अर्धा अंश, चालून जातं. तेच ५० मीटरवर आलं की चूक साडेतीन अंशांची होते, आणि ४०० एमएमची लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर आडवी फक्त पाच अंश बघते. म्हणजे जवळ येईल तसं ते निसटणार. दादाने सुंदर फ्लॅप टाकून ग्लायडर पायाशी आणून ठेवलं. कॅमेऱ्याने आधी आभाळ, मग विजेचा खांब आणि शेवटी एक शेळी टिपली. शेळी माझ्या हद्दीबाहेर होती.

दुपार झोपेत गेली. रात्री टीव्हीवर सगळ्या घराने व्हिडिओ बघितला. ग्लायडर मधोमध, जरासुद्धा ढळत नाही, मागचं निळं तेवढं सरकतंय. वेग नाही, उंची नाही, जमीन कुठे आहे त्याचा पत्ता नाही. भाकरीचा तुकडा मोडत आत्याने विचारलं, "हे उडतंय का टांगलंय रे?"

मला नेमकं हेच म्हणायचं होतं. हाताने शूट करताना विमान फ्रेममधून निसटतं, आपण मागे धावतो, पुन्हा सापडतं. त्या धांदलीतच उडणं दिसतं. दादाला हे पटलं नाही. त्याने तोच व्हिडिओ चार वेळा मागे नेऊन डाव्या वळणात शेपूट घसरते ते दाखवलं, आणि खरंच घसरत होती. हातातल्या कॅमेऱ्याने ते कुणालाच दिसलं नसतं, हेही मान्य. वहिनी म्हणाली, आपली मान सुटली, बास झालं.

सकाळच्या हुतात्माने परतले. सामानात आत्याने दोन किलो शेंगाचटणी कोंबली होती, ती लेन्सच्या कप्प्यात सांडली.

परवा दादाने नवी क्लिप पाठवली. बारकी लेन्स लावून, झूम न करता काढलेली. त्यात माळ आहे, कडबा आहे, लँडिंग पूर्ण आहे, घारही आहे. ग्लायडर मात्र मुंगीएवढं, फ्लॅप उघडे का बंद काही कळत नाही. खाली लिहिलं होतं, "दोन कॅमेरे पाहिजेत. मार्चमध्ये येतेस का?" मार्चच्या उन्हात सोलापूरच्या माळावर शेळ्या राखायला मी जाणार नाही, असं त्याला कळवलंय.