‘७/१२’ नावाची फाइल होत नाही

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं झेरॉक्सचं दुकान उंचावर, म्हणून वाचलं. पाणी ओसरल्यावर लोक पिशव्या घेऊन यायला लागले. खरेदीखतं, वाटणीपत्रं, सोसायटीची प्रोसिडिंग बुकं, सगळं एकमेकांना चिकटलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पानं हलक्या हाताने सुटी करून पंख्याखाली दोरीवर घालायचे आणि मी वाळतील तशी स्कॅन करायचो. तोवर स्कॅन म्हणजे मेल करण्यापुरतं किरकोळ काम. त्या दोन महिन्यांत मात्र झेरॉक्सपेक्षा स्कॅनचा गल्ला मोठा झाला.

सुरुवातीला आम्ही पेनड्राइव्ह भरून द्यायचो. सहा महिन्यांत तीच माणसं परत. पेनड्राइव्ह हरवला, किंवा सापडला पण आता कुठल्याच कॉम्प्युटरला लागत नाही. तेवढ्यात एक जुने वकीलसाहेब आले. चाळीस वर्षांच्या फायली आणि मागणी एकच: “ऑफिसात, घरी आणि कोर्टाच्या व्हरांड्यात, तिन्हीकडं दिसलं पाहिजे.” आम्ही हो म्हणून बसलो.

पहिला प्रयत्न सांगायलाही लाज वाटते. फुकटचं एक खातं उघडलं आणि पासवर्ड वकीलसाहेब, त्यांचे दोन कारकून आणि आम्ही मिळून वापरला. पुढे एक कारकून नोकरी सोडून गेला, त्याच्या फोनवर सगळ्या अशिलांचे कागद तसेच उघडे. माणूस सज्जन निघाला, त्यानेच फोन करून सांगितलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग नेक्स्टक्लाउडकडे वळलो. फायली एका जागी ठेवून सगळीकडून उघडता येतील असं हे सॉफ्टवेअर, २०१६ मध्ये ओनक्लाउड या तशाच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेलं. फुकट, आणि आपल्याच सर्व्हरवर चालतं. विंडोजसाठी ॲप, ब्राउझरमधून वेब, फोनसाठी वेगळं ॲप. प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड. सर्व्हर पहिल्या मजल्यावर ठेवला (२०१९ नंतर सांगलीत तळमजल्यावर कोण ठेवेल?) आणि रोज रात्री एक प्रत गावाबाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर जायची सोय केली. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं, तेव्हा हे जेमतेम उभं राहिलं होतं.

ॲप बसवलं की झालं, असं वाटलं होतं. खरं काम तिथून सुरू झालं.

पहिलं भांडण नावावरून. विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही, म्हणजे ‘७/१२’ असं नावच देता येत नाही. एका कारकुनाने ‘७-१२’ केलं, दुसऱ्याने ‘सातबारा’, तिसऱ्याने ‘712’. वकीलसाहेब फोनवर ‘७१२’ शोधणार आणि काहीच सापडणार नाही. मग लांब नावं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘मौजे अमुक येथील गट नंबर तमुकबाबत भावाभावांतील वाटणीपत्राची सही शिक्क्याची नक्कल दुसरी प्रत सुधारित’ असं नाव छान दिसायचं, पण फाइल वर चढायची नाही. कारण शोधायला चार दिवस गेले. आमच्या लिनक्स सर्व्हरवर नावाला २५५ बाइटची (बाइट म्हणजे कॉम्प्युटरमधल्या जागेचं माप) मर्यादा, इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार तीन-तीन बाइट खातो. म्हणजे मराठी नावाला ८५ चिन्हं, बस. इंग्रजीत काम करणाऱ्याला हे आयुष्यात कधी कळणार नाही.

त्यापेक्षा चिवट निघाला ‘ॲ’. फोनचा कीबोर्ड ‘ॲड.’ टाइप करताना ‘ॲ’ हे एकच चिन्ह टाकतो. ऑफिसातल्या जुन्या पद्धतीत ‘अ’ला वेगळी चंद्रकोर जोडली जाते. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला मात्र दोन वेगळे शब्द. ऑफिसात ठेवलेली फाइल व्हरांड्यात सापडत नव्हती ती यामुळे. आता फाइल आत येतानाच आमची एक छोटी स्क्रिप्ट ‘ॲ’ एकसारखा करते आणि नावातले मराठी आकडे इंग्रजी करते. भाषेचा अभिमान मलाही आहे, पण गट नंबर सापडला पाहिजे.

आणि जुने फॉन्ट! युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच दिसण्याची पद्धत, येण्याआधी टाइप केलेले दावे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नीट दिसायचे, कारण तिथे तो फॉन्ट होता. तीच फाइल ब्राउझरमध्ये किंवा फोनवर उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. आमची पुतणी सुट्टीत बसून कन्व्हर्टरमधून एकेक काढायची आणि मूळ प्रिंट शेजारी ठेवून वाचायची. जोडाक्षरं हमखास फसायची. स्कॅन केलेली छापील पानं टेसरॅक्टने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचून घेतो. छपाई स्वच्छ असेल तर शोधण्यापुरतं पुरेसं, हस्ताक्षरापुढे मात्र ते हात टेकतं.

वापरात एक गोष्ट लक्षात आली. ऑफिसातल्या ॲपमधून माणसं कागद आत टाकतात आणि बदलतात. दोघांनी एकच मसुदा उघडला तर दुसरी, ‘कॉन्फ्लिक्ट’वाली प्रत तयार होते, म्हणून आता काम सुरू करणारा फाइलला कुलूप घालतो. वेब लागतं ते परक्या कॉम्प्युटरसमोर: पुण्याच्या अशिलाला पासवर्ड लावलेली, आठवड्याने आपोआप बंद होणारी लिंक पाठवली की काम होतं. फोनवर फक्त बघायचं असतं, तेही उभ्या-उभ्या, रेंज नसताना. त्यामुळे तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या दाव्याचे कागद फोनवर ऑफलाइन करून ठेवायचे, हे आम्ही कारकुनांना ॲपपेक्षा आधी शिकवतो.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. दुकान दोन दिवस बंद, वीज गेलेली, सर्व्हर गप्प. बाहेरची प्रत चालू केली. तिसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांचा फोन. मी धास्तावलो, तर ते म्हणाले, “कागद सगळे दिसतायत, तुम्ही कसे आहात?”

त्यानंतर व्यापारीही आले. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि ती दुकानाच्या माळ्यावर जपणं किती अवघड, हे एव्हाना सांगलीकरांना समजावून सांगावं लागत नाही.

एका ठिकाणी आमचं घोडं अडलेलंच आहे. मोडीतले दस्त. स्कॅन होतात, तिन्हीकडे दिसतात, पण वाचता कुणालाच येत नाहीत. आमच्या ओळखीचे एक मोडी जाणणारे आजोबा लिप्यंतर करून देतात, ते आम्ही मूळ दस्ताशेजारी ठेवतो. त्यांना फोनवर दाखवलं, वेबवर दाखवलं, मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं. चष्मा पुसत म्हणाले, “झेरॉक्स काढून दे, जरा मोठी.” अण्णा लगेच उठले. मशीन त्यांनी विकू दिलं नव्हतंच.