टेक नावाचा पाहुणा

हर्णैहून पुतणीचा व्हॉट्सअॅप आला, “आत्या, एका टेकला एवढे अर्थ कशाला?” खाली दहावीच्या इंग्रजी गाइडमधल्या पानाचा फोटो. टेक ऑफ, टेक आफ्टर, टेक ओव्हर, अख्खं पान भरलेलं. “पाठ कर” म्हणून मोकळी झाले असते, पण मी राहते इंग्लंडातल्या यॉर्कला, आणि या शब्दाची पाळंमुळं इथल्याच मातीत आहेत.

टेक मुळातला इंग्रजी नव्हेच. जुन्या इंग्रजीत घेण्याला ‘निमन’ म्हणत. जर्मनीत त्याचा भाऊ ‘नेमन’ अजून रोज राबतो. ८६६ साली स्कँडिनेव्हियातून समुद्रावरून आलेल्या व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं, पुढे जमिनी वाटून इथेच राहिले, आणि त्यांच्या ‘ताका’ने (आपलं ताक नव्हे!) हळूहळू निमनची जागा बळकावली. गेट आणि कॉलही त्यांचेच. इतकंच काय, ‘ते’ या अर्थाचं ‘दे’सुद्धा.

परकी गलबतं आपल्या किनाऱ्याला काय कमी लागली? फारसीतून ‘बंदर’ आलं, पोर्तुगीजांकडून बटाटा, पाव, चावी. ‘पगार’ तर त्यांच्याकडे क्रियापद, पैसे चुकते करणे. आपण त्याचं नाम केलं आणि एक तारखेची वाट बघत बसलो. घेणं-देणं, येणं-जाणं मात्र आपलंच राहिलं. माल उतरला की त्याचं नावही धक्क्यावर उतरतं. रोजच्या तोंडातलं क्रियापद बदलायचं तर एका विहिरीवर पाणी भरावं लागतं, सोयरिकी व्हाव्या लागतात. इथे तसंच झालं असणार, असं आपलं माझं मत.

निमन अगदीच नाहीसं झालं नाही. जानेवारीत बस स्टॉपवर बोटं बधिर होतात त्याला इथे ‘नम’ म्हणतात. ते त्याच निमनचं रूप, म्हणजे थंडीने ‘घेतलेली’ बोटं.

पुतणीला एवढंच लिहिलं: ‘घेऊन ये’ म्हणजे ब्रिंग, ‘घेऊन जा’ म्हणजे टेक. तू आजीवर गेलीयस, ते टेक आफ्टर. बाकीचे वाक्यात वापरून बघ, नुसते घोकू नकोस. आणि गाइडात नसलेलं एक: ऑफिसात कुणी गोड आवाजात “आय टेक युअर पॉइंट” म्हणालं, की समजायचं, आता ‘पण’ येतोय.