सॉल्टसाठी अर्ज आणि सदरलंडची वारी

पुण्याची खगोलसंशोधन संस्था आयुका ही सॉल्टच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत सदरलंडला असलेल्या सदर्न आफ्रिकन लार्ज टेलिस्कोपच्या, भागीदार संस्थांपैकी एक आहे. त्यामुळे भारतातल्या संशोधकांना आयुकाच्या वाट्यातून या दुर्बिणीवर वेळ मागता येतो. वेळ मंजूर झाला तरी तिथे जावं लागत नाही. सॉल्टवर सगळी निरीक्षणं रांगेतून होतात. रात्री तिथला खगोलज्ञ आणि दुर्बीणचालक हवा, चंद्र आणि अग्रक्रम बघून रांगेतलं एकेक काम उचलतात, आणि तुम्ही घरी झोपलेले असता. तरीही जमलं तर एकदा सदरलंडला जाऊन याच, असं मी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. आपण अर्जात लिहिलेल्या ओळीचं पुढे काय होतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

आम्हाला निमित्त मिळालं ते शेजारच्या १.९ मीटर दुर्बिणीचं. आमचे तारे म्हणजे चुंबकीय श्वेतबटूंच्या जोड्या: तीव्र चुंबकीय क्षेत्राचा विझत चाललेला छोटा तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा सोबती. त्यांचे वर्णपट सॉल्टवर मागितले होते, आणि तेजस्वितेतले झटपट बदल टिपायला एका सहकाऱ्याला १.९ मीटरवर वेळ मिळाला होता. जुलै महिना होता, तिथला ऐन हिवाळा.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. व्हिसासाठी वेधशाळेकडून निमंत्रणपत्र लवकर मागवा, कारण व्हिसाची तारीख आणि निरीक्षणाची तारीख यांपैकी एकच हलवता येते. केप टाउनहून सदरलंड साधारण ३७० किलोमीटर आहे. एन-१ महामार्गाने मायकीसफाँटेनपर्यंत जायचं आणि तिथून उत्तरेला वळायचं. या शेवटच्या शंभरएक किलोमीटरमध्ये कारूचं उघडं माळरान सोडून काही नाही, म्हणून गाडीची टाकी आधीच भरून घ्या आणि अंधार पडायच्या आत पोहोचा. रस्त्यावर जनावरं येतात हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे, वेधशाळेच्या डोंगरावर रात्री हेडलाइट लावून जाणं हा थेट कुणाच्या तरी एक्स्पोजरवरचा हल्ला असतो. हा सगळा परिसर २००७ च्या एका कायद्याने खगोलनिरीक्षणासाठी राखलेला आहे, आणि तिथली माणसं अंधार जिवापाड जपतात. लाल प्रकाशाची बॅटरी घ्या, खोलीचे जाड पडदे उजेड लावण्याआधी ओढा, आणि दिवसा वसतिगृहात हळू बोला. शेजारच्या खोलीत कोणीतरी रात्र काढून आलेलं असतं.

थंडीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. सदरलंड हे दक्षिण आफ्रिकेतल्या सर्वांत थंड गावांपैकी एक, आणि वेधशाळा जवळजवळ १,८०० मीटर उंचीवर. नियंत्रणकक्ष उबदार असतो, पण आभाळ बघायला दर तासाला बाहेर पडावंच लागतं. वारा अंगात शिरतो. एका जाड कोटापेक्षा तीन-चार थर बरे. कानटोपी आणि बोटं मोकळी राहतील असे हातमोजे हवेतच. हिवाळ्यातल्या रात्री तेरा तासांच्या आसपास असतात. पहाटे तीननंतर डोकं चालेनासं होतं, म्हणून रात्रीचा क्रम, पर्यायी तारे आणि प्रत्येकाचे फाइंडर चार्ट (तारा नेमका कोणता ते दाखवणारे आकाशाचे छोटे नकाशे) दुपारीच कागदावर तयार ठेवा.

आता मूळ मुद्दा, सॉल्ट. एका संध्याकाळी परवानगी काढून आम्ही आत गेलो. ९१ षटकोनी तुकड्यांचा, सुमारे ११ बाय १० मीटरचा आरसा समोर होता. तो शिरोबिंदूपासून ३७ अंश कललेला आहे आणि कायम तसाच राहतो. निरीक्षणाआधी सगळा सांगाडा हवेच्या गादीवर उचलला जातो, हव्या त्या दिशेला फिरतो आणि खाली बसतो. त्यानंतर आरसा जागचा हलत नाही. वरचा ट्रॅकर ताऱ्याची प्रतिमा पकडून सरकत राहतो. टेक्सासमधल्या हॉबी-एबर्ली दुर्बिणीवरून घेतलेली ही कल्पना. खर्च वाचला तो यामुळेच, आणि अर्जदारावरची बंधनंही यातूनच आली.

ही बंधनं कागदावर वाचली होती. यंत्राखाली उभं राहिल्यावर ती पटली. सॉल्टला आकाशाचं फक्त एक कडं दिसतं. तारा त्या कड्यात शिरला की बहुतेकदा तासाभराचा अवधी मिळतो, मग तो निसटतो. बऱ्याच ताऱ्यांना एका रात्रीत दोन संधी असतात, एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला. ताऱ्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, साधारण +१० ते −७५ अंशांच्या बाहेर असेल तर अर्जच करू नका. या पट्ट्याच्या दक्षिण टोकाकडचे तारे, उदाहरणार्थ मॅगेलनच्या मेघांमधले (या आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका), कड्यात बराच जास्त वेळ राहतात. आमच्या जोड्यांचा परिभ्रमणकाळ दीड-दोन तासांचा. म्हणजे एका फेरीत अख्खी कक्षा मिळणं अशक्य. म्हणून कोणती कला, म्हणजे परिभ्रमणाचा कोणता टप्पा, पूर्वेच्या फेरीत आणि कोणती पश्चिमेच्या फेरीत हवी, हे अर्जातच लिहावं लागतं. 'पूर्ण कक्षेचं निरीक्षण' असं मोघम लिहिलं तर वेळवाटप समितीतला जाणकार तिथेच थांबेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

दुसरं बंधन असं की ट्रॅकर सरकताना आरशाचा वापरात येणारा भाग बदलत जातो. त्यामुळे ताऱ्याकडून नेमका किती प्रकाश येतो, याचं निरपेक्ष मोजमाप सॉल्टवरून मिळत नाही. एकाच चित्रातल्या ताऱ्यांची तुलना करता येते. निरपेक्ष मोजमाप हवं असेल तर ते दुसरीकडून कसं मिळवणार, हे अर्जात सांगा. आमच्यासाठी ते काम १.९ मीटर दुर्बिणीने केलं. ही दुर्बीण १९४८ साली प्रिटोरियाला सुरू झाली आणि सत्तरच्या दशकात सदरलंडला आली. आजही तिच्यावर शॉक हा वेगवान कॅमेरा आणि स्पपनिक हा वर्णपटलेखक उत्तम काम देतात. लहान दुर्बिणींसाठी दक्षिण आफ्रिकन खगोल वेधशाळेकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि माझ्या मते सॉल्टच्या प्रस्तावाला अशी जोड असणं हीच त्याची खरी ताकद ठरते.

नियंत्रणकक्षात सर्वांत जास्त शिकायला मिळालं. समोर एकामागून एक ब्लॉक, म्हणजे अर्जदारांनी पाठवलेली निरीक्षणाची एकेक कामं, येत होती. खगोलज्ञाने ब्लॉक उघडला की पहिली नजर चार्टवर, मग स्लिटच्या (वर्णपटलेखकाच्या अरुंद फटीच्या) कोनावर, मग टिपांवर. हे सगळं काही मिनिटांत, आणि तेही ज्या विषयावर त्याने आधी काही वाचलेलं नसतं त्या विषयाबद्दल. दाटीच्या भागात तीन सारखे ठिपके दिसत असतील आणि चार्टवर बाण नसेल, तर तो अंदाज करत बसणार नाही, पुढच्या ब्लॉककडे जाईल. टीप दोन ओळींची असावी: कोणता तारा, किती अंधुक होऊ शकतो, दिसला नाही तर काय करायचं. आमचे तारे अधूनमधून मंदावतात, तेव्हा ही तिसरी गोष्ट लिहिणं फार गरजेचं असतं. कॅलिब्रेशनचे (मोजमाप जुळवून घ्यायचे) दिवे आणि प्रमाणतारे नक्की कोणते हवेत, तेही ब्लॉकमध्येच नमूद करा.

अटी शक्य तेवढ्या सैल ठेवा. अंधारी रात्र, उत्तम सीइंग (हवेची स्थिरता) आणि निरभ्र आकाश या तिन्ही गोष्टी मागितल्या की तुमचा ब्लॉक रांगेत पडून राहतो. तेजस्वी ताऱ्याचा वर्णपट चांदण्यातही मिळतो, पातळ ढगांतूनही मिळतो. मंजूर वेळ पी-० ते पी-४ अशा अग्रक्रमांत येतो. पी-० अचानक उद्भवणाऱ्या घटनांसाठी आहे, पी-१ आणि पी-२ पुरे करण्याचा कसून प्रयत्न होतो, पी-३ उपलब्ध वेळेपेक्षा मुद्दाम जास्त वाटलेला असतो, आणि पी-४ खराब हवेतली जागा भरतो. म्हणून ज्या मोजमापावाचून शोधनिबंध उभा राहणार नाही, ते पी-३ वर सोपवू नका.

एक गोष्ट या सगळ्याबाहेरची. मध्यरात्री बाहेर आलो तेव्हा धनू राशीतला आकाशगंगेचा गाभा अगदी डोक्यावर होता, त्रिशंकू नैर्ऋत्येला होता, आणि पहाटेकडे मॅगेलनचे दोन्ही मेघ नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसले. महाराष्ट्रातून ते क्षितिजाच्या धुरकटातून कधी वर येतच नाहीत. मी आयुष्यभर ज्यांचे आलेख वाचले ते समोर बघताना डोळे भरून आले. त्यासाठी रात्रीतली दहा मिनिटं राखून ठेवा.

अर्जाची सत्रं दोन आहेत, मे ते ऑक्टोबर आणि नोव्हेंबर ते एप्रिल. मुदत साधारणपणे जानेवारी आणि जुलैच्या अखेरीस संपते. आधी तारा कोणत्या सत्रात कड्यात येतो ते तपासा, मग विज्ञानाचा मजकूर लिहायला घ्या. अर्ज पीआयपीटी या प्रोग्रॅममधून भरायचा असतो. तो वापराचा वेळ जोडणीला लागणाऱ्या वेळेसकट मोजून दाखवतो, आणि तो आकडा तुमच्या अंदाजापेक्षा नेहमी मोठा निघतो. सहकारी दुसऱ्या भागीदार संस्थेतला असेल तर दोन्ही वाट्यांतून वेळ मागता येतो. पण मग प्रत्येक समितीला पटेल असं कारण द्यावं लागतं, म्हणून त्याच्याशी बोलणी मुदतीच्या महिनाभर आधी सुरू करा.